‘सोयाबीन’ नीट, ‘ज्वारी’ फुटली: जावा ८ वरून १७ वर जातानाचं एक प्रकरण

लातूरमधला सहा प्रोग्रामरांचा एक गट आडत दुकानांसाठी हिशेबाची प्रणाली बनवतो आणि सांभाळतो. लातूर, उदगीर आणि परभणीच्या मोंढ्यातल्या दुकानांत ती चालते. दुकानाच्या गल्ल्यावर स्विंगमध्ये (जावाची खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) लिहिलेला डेस्कटॉप प्रोग्राम असतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचं वजन तो सीरियल पोर्टने घेतो, सौद्याचा भाव लावतो, हमाली-तोलाई वजा करतो आणि शेतकऱ्याची पट्टी छापतो. रात्री सर्व्हरवर स्प्रिंग बूट २.७ वर (जावा प्रोग्रामचा तयार सांगाडा) बांधलेलं दुसरं काम चालतं. दिवसभराच्या पट्ट्यांच्या मजकूर-फाइलींतून ओळी निवडायच्या, पीकवार आणि तालुकावार आवक लावायची, टॅलीत आयात करायची एक्सएमएल फाइल तयार करायची.

हे सगळं जावा ८ वर उभं होतं. सोबत कोड लिहायच्या एक्लिप्सची २०१९ मधली आवृत्ती, लायब्रऱ्या उतरवून प्रोग्राम बांधणारा मेवन ३.६ आणि तितकीच जुनी लॉम्बॉक, म्हणजे नेहमीचा कोड आपोआप भरणारी लायब्ररी. मार्च २०१४ मध्ये आलेली जावा ८ अजून चालते, पण तिच्याभोवतीचं जग पुढे गेलं आहे. स्प्रिंग बूट २.७ ची मोफत देखभाल नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली आणि स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागते. २०२२-०९ पासूनची एक्लिप्स स्वतःच जावा १७ शिवाय सुरू होत नाही. ऑरॅकलच्या जावा ८ चे नवे अपडेट व्यावसायिक वापरासाठी २०१९ पासून मोफत राहिलेले नाहीत. म्हणून एक्लिप्स टेम्युरिन ही ओपन-जेडीकेची (मुक्त-स्रोत जावाची) मोफत बांधणी निवडली.

थेट २१ वर का नाही, याला ठोस कारण होतं. गल्ल्यावरच्या काही संगणकांवर ३२-बिट विंडोज आहे आणि काट्याच्या पोर्टसाठी लागणारी विंडोजची लायब्ररी-फाइल, म्हणजे डीएलएलही, ३२-बिट आहे. विंडोजची ३२-बिट बांधणी जावा २१ मध्ये ‘पुढे काढली जाईल’ अशा यादीत गेली. १७ साठी टेम्युरिनची ३२-बिट बांधणी मिळते. जे संगणक आज दुकानात आहेत त्यांच्यावर चालेल ती आवृत्ती निवडणं, एवढाच निकष.

वेळ ठरवणं सोपं होतं, पण महत्त्वाचं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची आवक सुरू होते, जानेवारीपासून तूर, मग हरभरा. या काळात मोंढ्यातला प्रोग्राम तासभर बंद पडला तरी काट्यासमोर गाड्यांची रांग लागते. पेरणीच्या दिवसांत, जून-जुलैत, आवक ओसरते. बदलाचं सगळं काम या दोन महिन्यांत बसवलं आणि ऑगस्टनंतर फक्त दुरुस्त्या घ्यायच्या, असं ठरलं.

आधी साधनं, मग निकाल

या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी निर्णय पहिल्याच दिवशी झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रोग्रामरच्या संगणकावरचा कंपायलर, एक्लिप्स आणि मेवन नवे, पण बाहेर पडणारी जार-फाइल (तयार प्रोग्रामचं गाठोडं) जावा ८ वरच चालणारी. दुकानात काहीच बदलत नाही. हे महिनाभर नीट चालल्यावरच दुकानातली जावा हलवायची. लायब्रऱ्यांच्या मोठ्या उड्या सगळ्यांत शेवटी.

जावा १७ चा कंपायलर जावा ८ साठी संकलन करू शकतो, पण त्यात एक खड्डा आहे. मेवनच्या पॉम-फाइलीत (प्रकल्पाच्या सूचनांची फाइल) ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ दोन्हींना ८ लिहिलं की भाषेचे नियम आणि क्लास-फाइलीचा क्रमांक जुना राहतो (जावा ८ चा ५२, १७ चा ६१), मात्र कंपायलर जावाची मूळ लायब्ररी १७ चीच पाहतो. काट्याकडून येणारे बाइट वाचणाऱ्या कोडमध्ये बाइटबफरची ‘फ्लिप’ ही पद्धत वापरलेली होती. जावा ९ मध्ये या पद्धतीचा परतावा-प्रकार ‘बफर’ऐवजी ‘बाइटबफर’ झाला. त्यामुळे जार बिनतक्रार बनली आणि जावा ८ वर वजन घेताना ‘नो सच मेथड’ म्हणून थांबली. इलाज एका ओळीचा: सोर्स आणि टार्गेट काढून टाकायचं आणि ‘रिलीज’ला ८ द्यायचं. मग कंपायलर जावा ८ ची लायब्ररी समोर ठेवून तपासतो. ही सोय मेवनच्या कंपायलर प्लगइनमध्ये ३.६ पासून आहे.

नव्या कंपायलरने दुसऱ्या एका भागात आणखी एक गोष्ट उघडी पाडली. पट्टीवरचा दुकानाचा शिक्का डेटाबेसमध्ये बेस-६४ मजकूर म्हणून (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) ठेवलेला होता आणि तो बनवायला जावाच्या आतला, कधीच अधिकृत नसलेला ‘सन-मिस्क’मधला एन्कोडर वापरला होता. जावा ९ मध्ये तो गेला. त्याच्या जागी जावा ८ पासून असलेला अधिकृत बेस-६४ वर्ग घ्यायचा, पण डोळे झाकून नाही. जुना एन्कोडर दर ७६ अक्षरांनंतर ओळ मोडायचा. नव्याचा साधा डीकोडर ओळमोड दिसली की अपवाद फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. आधी साठवलेले शिक्के वाचायला ‘माइम’ डीकोडर लागतो, तो ओळमोड सोडून पुढे जातो. हे कळलं नसतं तर नवीन दुकानांचे शिक्के दिसले असते आणि जुन्यांचे नाही.

संगणकावर जावाच्या दोन आवृत्त्या राहू लागल्या की ‘नेमकी कोणती चालते आहे’ हा प्रश्न रोजचा होतो. ऑरॅकलचा इन्स्टॉलर पाथच्या (विंडोज प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीच्या) अगदी पुढे स्वतःचा ‘जावापाथ’ फोल्डर घालतो. कमांडवर जावाची आवृत्ती विचारली तर उत्तर तिथून येतं, मेवन मात्र ‘जावा_होम’ पाहतो, आणि एक्लिप्स स्वतःसोबत आलेल्या जावावर चालतं. तिघांची तीन उत्तरं असू शकतात. म्हणून सहाही संगणकांवर एक नियम: आवृत्ती मेवनला विचारायची. ‘एमव्हीएन’ला आवृत्ती विचारली की तो स्वतःसोबत जावाची आवृत्ती, तिचा फोल्डर, भाषा आणि अक्षरसंच (कोणतं अक्षर कोणत्या बाइटांनी लिहायचं याचा तक्ता), सगळं दाखवतो. त्यातली अक्षरसंचाची ओळ पुढे फार कामाची ठरली.

एक्लिप्सचा वर्कस्पेस नव्या आवृत्तीत एकदा उघडला की जुन्या आवृत्तीत परत नेण्याचा भरवसा नसतो. नव्या एक्लिप्ससाठी नवा रिकामा वर्कस्पेस केला आणि प्रकल्प त्यात मेवनवरून आयात केला. एक्लिप्स विशिष्ट जावावर चालवायचं असेल तर त्याच्या आयएनआय फाइलीत ‘-व्हीएम’ एका ओळीवर, पत्ता पुढच्या ओळीवर, आणि दोन्ही ‘-व्हीएमआर्ग्ज’च्या वर. एकाच ओळीवर लिहिलं किंवा खाली लिहिलं तर ते गुपचूप दुर्लक्षित होतं.

लॉम्बॉक १.१८.२२ च्या खाली ठेवली तर जावा १७ वर संकलनच होत नाही. हा बदल दोन मिनिटांचा. खरा वेळ खाल्ला डाउनलोडने. दुपारी वीज गेली, राउटर बंद पडला आणि मेवनच्या स्थानिक साठ्यात काही जार अर्धवट राहिल्या. मेवन अशा वेळी ‘लास्टअपडेटेड’ नावाची खूण-फाइल ठेवतो आणि नेट परत आलं तरी ठरलेली मुदत, साधारणतः एक दिवस, संपेपर्यंत ती जार पुन्हा मागत नाही. ‘सापडली नाही’ एवढंच सांगत राहतो. ‘-यू’ लावून चालवलं की लगेच मागतो. जार अर्धी उतरून तशीच राहिली असेल तर चूक वेगळी दिसते, झिपचा शेवट सापडत नाही अशी. तिथे त्या आवृत्तीचा फोल्डर पुसणं हाच उपाय. नंतर एकाच संगणकावर ‘गो-ऑफलाइन’ चालवून साठा पूर्ण भरला आणि तो पेनड्राइव्हने बाकीच्या पाच जागी नेला. नेताना एक काळजी: प्रत्येक जारजवळ ‘रिमोट-रिपॉझिटरीज’ नावाची छोटी नोंद असते. सेटिंग्ज-फाइलीत रिपॉझिटरीचं नाव संगणकागणिक वेगळं असेल तर ऑफलाइन मेवन समोर असलेली जारही नाकारतो. सहाही सेटिंग्ज-फाइली एकसारख्या केल्या आणि त्या गिटमध्ये ठेवल्या. मेवनही ३.८ वर नेला. ३.८.१ पासून तो साध्या एचटीटीपीवरची बाहेरची रिपॉझिटरी अडवतो. पॉममध्ये अशी एक जुनी ओळ निघाली. ती कुणालाच लागत नव्हती, काढून टाकली.

जे आवाज करून मोडलं

पुढचा टप्पा म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष जावा १७ वर चालवणं. इथे जे कोसळतं त्याची भीती बाळगायचं कारण नाही. ते ओरडून सांगतं.

टॅलीची एक्सएमएल जॅक्सबी या एक्सएमएल लिहिणाऱ्या लायब्ररीने बनत होती. जावा ११ मध्ये जॅक्सबी मूळ जावातून काढलं गेलं, म्हणून ‘क्लास सापडला नाही’. अवलंबन, म्हणजे बाहेरची लायब्ररी, म्हणून ते परत जोडायचं, पण २.३ मालिकेतलंच. ३.० पासून पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ झालं आहे आणि मग प्रत्येक इम्पोर्ट बदलावा लागतो. ते काम स्प्रिंग बूट ३ सोबत एकदाच करायचं आहे, आता नाही.

हमाली आणि तोलाईचे दर बाजारागणिक वेगळे असतात. काही ठिकाणी कट्ट्यावर, काही ठिकाणी क्विंटलवर. म्हणून त्यांची सूत्रं जावास्क्रिप्टच्या छोट्या ओळी म्हणून डेटाबेसमध्ये ठेवली होती आणि जावातलं जावास्क्रिप्ट इंजिन नॅशॉर्न ती सोडवत होतं. जावा १५ मध्ये नॅशॉर्न गेलं. यात फसवं असं की संकलनाच्या वेळी काहीच दिसत नाही. नावाने इंजिन मागितलं की ‘नल’ मिळतं आणि पहिली पट्टी काढताना प्रोग्राम पडतो. ओपन-जेडीके प्रकल्पाची स्वतंत्र नॅशॉर्न-कोअर जोडली, सूत्रं तशीच चालू राहिली.

जावाच्या आतल्या खासगी भागांत हात घालणाऱ्या दोन जुन्या लायब्रऱ्या निघाल्या. जावा १६ पर्यंत निदान एक पर्याय देऊन ते दार किलकिलं ठेवता यायचं, १७ मध्ये तो पर्यायच काढला. ‘ॲड-ओपन्स’ने एकेक पॅकेज उघडता येतं, पण इथे लायब्रऱ्यांच्या नव्या आवृत्त्या उपलब्ध होत्या, म्हणून त्याच घेतल्या. अशा जागा आधीच शोधायला जेडीकेसोबत (जावाचा प्रोग्रामर-संच) ‘जेडेप्स’ येतं. त्याला जेडीके-इंटर्नल्स विचारलं की कोणती जार कुठे हात घालते त्याची यादी मिळते. ती पहिल्याच दिवशी काढावी.

जे आवाज न करता बदललं

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला हे लागू आहे.

रात्रीचं काम जावा १७ वर नेल्यावर त्यासाठी विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) नवी नोंद केली, सिस्टिम खात्यावर. पहिल्या रात्रीच्या अहवालात सोयाबीन, तूर, हरभरा, मूग, उडीद सगळं नीट. तालुकेही नीट: लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, रेणापूर, चाकूर, देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ. फक्त ज्वारीच्या ओळीत ‘ज’च्या पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, त्याला लागून साधं प्रश्नचिन्ह, आणि मग ‘वारी’. लॉगमध्ये एकही चूक नाही.

सहसा अक्षरसंचाचा घोटाळा झाला की सगळंच मराठी जातं. इथे एकच पीक का गेलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

जुन्या व्यवस्थेत ‘फाइल-एन्कोडिंग यूटीएफ-८’ ही सूचना (फाइली सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ अक्षरसंचात वाचा-लिहा) ‘जावा_टूल_ऑप्शन्स’ या पर्यावरण-चलातून मिळत होती, आणि ते चल एका वापरकर्त्याच्या खात्यात लावलेलं होतं. नवी नोंद दुसऱ्या खात्यावर झाली, तिला ते दिसलं नाही. विंडोजवर भारतीय इंग्रजी असेल तर जावा १७ चा ठरावीक अक्षरसंच विंडोज-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा एका-बाइटाचा संच, असतो. कोड जुन्या फाइलरीडरने वाचत होता आणि फाइलरायटरने लिहीत होता, दोन्हीकडे अक्षरसंच न सांगता. म्हणजे यूटीएफ-८ फाइल १२५२ समजून वाचली आणि १२५२ म्हणूनच लिहिली. आत आलेला बाइट तसाच बाहेर जातो, म्हणून वाचताना झालेली चूक लिहिताना उलटी फिरते आणि मजकूर शाबूत दिसतो.

पण १२५२ मध्ये पाच बाइटांना अक्षरच दिलेलं नाही: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. हे षोडशमान पद्धतीतले आकडे आहेत. यातला बाइट दिसला की जावा त्याच्या जागी ‘अज्ञात’ची खूण ठेवतो आणि लिहिताना ती साधं प्रश्नचिन्ह होऊन बाहेर पडते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं. हलन्ताचे बाइट ई०, ए५, ८डी. तिसरा बाइट नेमका त्या पाचांतला. पहिल्या उकाराचा तिसरा बाइट ८१. ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी. चंद्रबिंदूचा ८१, ‘ऍ’चा ८डी.

म्हणजे जोडाक्षर, ऱ्हस्व उकार, ए, ऐ, झ, ऍ, चंद्रबिंदू यांतलं काहीही नसलेला शब्द या चुकीच्या रस्त्यानेही सुखरूप पार होतो. लातूर जिल्ह्याच्या दहाही तालुक्यांची नावं अशी आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड ही सात नावं पार होतात, फक्त छत्रपती संभाजीनगर ‘त्र’ला फुटतं. जुनं ‘औरंगाबाद’ मात्र फुटलं नसतं आणि ‘उस्मानाबाद’ फुटलं असतं. तुळजापूर, मुखेड, अर्धापूर, आष्टी फुटतात. ‘शेतकऱ्याचे नाव’ हा मथळाही फुटतो. लातूरच्या नेहमीच्या मालाने आणि नेहमीच्या तालुक्यांनी चाचणी घेतली असती तर ज्वारी येईपर्यंत चूक लपून राहिली असती.

ही चूक प्रोग्रामरच्या संगणकावर कधीच का दिसली नाही, त्याचंही उत्तर आहे. एक्लिप्समधून प्रोग्राम चालवला की एक्लिप्स प्रकल्पाचा अक्षरसंच स्वतःहून जावाला कळवतं. प्रकल्प यूटीएफ-८ असेल तर तिथे सगळं ठीकच दिसणार. म्हणून अंतिम चाचणी एक्लिप्समधून कधीच घेऊ नये. ज्या खात्याने, ज्या शेड्युलरने प्रोग्राम चालणार आहे, तिथूनच घ्यावी.

सूचना नव्या खात्यात लावून काम लगेच सुरू झालं, पण त्यावर विसंबणं बरोबर नाही. चल उद्या पुन्हा कुणाच्या तरी खात्यात राहील. खरी दुरुस्ती कोडमध्ये: फाइलरीडर, फाइलरायटर, इनपुटस्ट्रीमरीडर, प्रिंटरायटर, स्कॅनर, स्ट्रिंगचं ‘गेटबाइट्स’ आणि बाइटांवरून स्ट्रिंग बनवणं, जिथे जिथे यातलं काही आहे तिथे यूटीएफ-८ उघडपणे लिहायचं. फाइलरीडरला अक्षरसंच देण्याची सोय जावा ११ पासून आहे. जार अजून ८ वर चालवायची असेल तर ‘फाइल्स’ वर्गाचा ‘न्यूबफर्डरीडर’ घ्यावा. तो आपोआप यूटीएफ-८ धरतो आणि चुकीचा बाइट दिसला की गप्प न बसता अपवाद फेकतो. पुढे कुणी विसरू नये म्हणून मेवनमध्ये ‘फॉरबिडन एपीआय’ प्लगइन ‘जेडीके-अनसेफ’ यादीसह लावला. अक्षरसंच किंवा भाषा न सांगता केलेली हाक सापडली की बिल्डच थांबतं. स्प्रिंग बूटमध्ये ‘मँडेटरी फाइल एन्कोडिंग’ ही सेटिंगही यूटीएफ-८ केली. अक्षरसंच वेगळा असेल तर काम सुरूच होत नाही. पट्ट्या बिघडवण्यापेक्षा न चालणं परवडतं.

जावा १८ पासून ठरावीक अक्षरसंच सगळीकडे यूटीएफ-८ आहे, त्यामुळे २१ वर ही चूक अशी दिसणार नाही. १७ वर थांबणाऱ्यांनी मात्र हे काम हातानेच करावं लागतं.

फुटलेल्या फाइली दुरुस्त करता येतात का? पूर्ण नाही. ई० ए५ नंतर प्रश्नचिन्ह असेल तर तिथे हलन्त होता की उकार, हे बाइट सांगत नाहीत. ई० ए४ नंतर असेल तर ए, ऐ, झ, ऍ, चंद्रबिंदू यांपैकी काहीही. मूळ पट्ट्यांच्या फाइली जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून त्यांच्यावरून अहवाल पुन्हा काढले.

आकडेही बदलले

दुसरा मूक बदल आकड्यांचा. पडद्यावरचे शब्द मराठी प्रॉपर्टीज-फाइलीतून यावेत म्हणून प्रोग्राम सुरुवातीलाच भाषा मराठी-भारत ठरवत होता. जावा ८ कडे मराठीची स्वतःची आकडे-तारखांची माहिती नसल्याने आकडे रोमनच राहायचे. जावा ९ पासून ही माहिती युनिकोडच्या सीएलडीआर संचातून येते, आणि त्यात मराठीचे ठरावीक आकडे देवनागरी आहेत. १७ वर गल्ल्यावरच्या पट्टीत रक्कम देवनागरी आकड्यांत आली. दुकानदारांना ती आवडली. टॅलीच्या फाइलीतही ती तशीच गेली आणि आयात अडली.

कारण ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’ भाषा न सांगता वापरलं की ठरलेल्या भाषेचे आकडे घालतो, अगदी दोन दशांशांच्या साध्या रकमेतही. उलट्या बाजूने गंमत वेगळी: ‘इंटिजर.पार्सइंट’ला देवनागरी आकडे चालतात, ‘डबल.पार्सडबल’ला चालत नाहीत. म्हणून कट्ट्यांची संख्या बरोबर वाचली जाते आणि वजनावर प्रोग्राम पडतो. लाखाचे स्वल्पविराम घालणारा गटाचा स्वतःचा कोड रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) होता. तिथला ‘अंक’ जावात रोमन ० ते ९ एवढाच मानला जातो, त्यामुळे देवनागरी रकमेत स्वल्पविराम पडलेच नाहीत. जावाच्या डेसिमलफॉरमॅटवर ते सोडता येत नाही. त्याला भारतीय पद्धतीची दोन-दोन अंकांची गटवारी येत नाही, सव्वा लाख तो १२५,००० असा लिहितो.

तोडगा दोन भागांत. यंत्राने वाचायचा मजकूर, म्हणजे एक्सएमएल, फाइलींची नावं, डेटाबेसची वाक्यं, सगळीकडे ‘लोकेल.रूट’, म्हणजे कोणत्याच भाषेची नसलेली तटस्थ सेटिंग. माणसाने वाचायच्या मजकुरासाठी भाषेच्या खुणेत ‘एमआर-आयएन’च्या पुढे ‘यू-एनयू-लॅटन’ जोडायचं, म्हणजे महिने मराठीत आणि आकडे रोमन. देवनागरी आकडे हवे असणाऱ्या दुकानांना सेटिंगमध्ये पर्याय दिला, पण तो फक्त छपाईला लागू. ‘कॉम्पॅट’ हा जुनी माहिती परत आणणारा पर्याय १७ मध्ये आहे. तो वापरून वेळ मारून नेण्याचा मोह टाळला ते योग्यच, कारण जावा २३ मध्ये तो काढला गेला.

तिसरा बदल छपाईचा. जावा ९ पासून अक्षरं जोडून मांडण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते. जोडाक्षरांची मांडणी तिने सुधारते, पण शब्दाची रुंदी किंचित बदलू शकते. ८० मिलिमीटरच्या रोलवर ‘शेतकऱ्याचे नाव’ एका ओळीत बसत होतं, ते दुसऱ्या ओळीवर गेलं आणि खालच्या रकमांचे रकाने सरकले. विंडोजच्या आवृत्तीप्रमाणे मंगल किंवा निर्मला असा वेगळा फाँट उचलला जाणंही त्याला कारण होतं. नोटो सान्स देवनागरी प्रोग्रामसोबतच दिला, प्रोग्रामने तोच उघडायचा असं केलं, आणि मथळ्याच्या रकान्याला थोडी जागा वाढवली. याच मथळ्यात ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकलेला सापडला: एकदा नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावून. दिसायला दोन्ही सारखे, शोधायला वेगळे. युनिकोडचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. ग्राहक-नावांच्या शोधासाठी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारं छोटं फंक्शन लिहावं लागलं.

दुकानात नेताना

गल्ल्यावरच्या संगणकावर जावा वेगळी बसवायची नाही, प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच ठेवायची आणि सुरुवातीची बॅच-फाइल तिथलीच जावा उचलेल अशी करायची. फोल्डर लहान व्हावा म्हणून जेलिंकने (जावाची छोटी बांधणी काढणारं साधन) हवे तेवढेच मॉड्यूल, म्हणजे जावाचे भाग, घेतले. पहिल्या बांधणीत मराठी महिने पुन्हा इंग्रजी झाले आणि एसएमएस पाठवणारं सुरक्षित जोडणं तुटलं. जेलिंक ‘जेडीके.लोकेलडेटा’ स्वतःहून घेत नाही आणि ‘जेडीके.क्रिप्टो.ईसी’ही नाही. दोन्ही नावं यादीत लिहावी लागतात. लोकेलडेटा पूर्ण घेतला तर फोल्डर फुगतो, म्हणून ‘इन्क्लूड-लोकेल्स’ला इंग्रजी आणि मराठी एवढंच सांगितलं.

जुनी आणि नवी जावा शेजारी-शेजारी दोन फोल्डरांत, आणि बॅच-फाइलीतल्या एका ओळीने कोणती चालायची ते ठरतं. परतीची वाट ही एक ओळ. तिच्यासाठी जार जावा ८ वर चालण्याजोगीच ठेवली. रिलीज अजून ८ आहे.

स्वीकृतीची कसोटी स्पष्ट ठेवली. मागच्या हंगामातल्या एका गर्दीच्या दिवसाच्या पट्ट्या जुन्या आणि नव्या जावावर चालवायच्या आणि निघालेल्या फाइली बाइटनिशी ताडून पाहायच्या. प्रत्येक फरकाचं कारण लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. नमुन्यात मुद्दाम भरलेले शब्द असे: ज्वारी, भुईमूग, तुळजापूर, छत्रपती संभाजीनगर, झरी, एकनाथ, ऐश्वर्या आणि शेतकऱ्याचे, शेवटचा दोन्ही प्रकारे. रकमांत एक सव्वा लाखाची, एक ऋण, एक शून्य. हा छोटा नमुना आता प्रत्येक बिल्डसोबत आपोआप चालतो.

आधी लातूरची दोन दुकानं, मग उदगीर, मग परभणी. परभणीत एका संगणकावर काटा लागला नाही. तिथे चुकून ६४-बिट जावाचा फोल्डर गेला होता आणि तिने ३२-बिट डीएलएल उघडायला नकार दिला. दोन्ही बांधण्यांच्या फोल्डरांच्या नावात आता ३२ आणि ६४ लिहिलेलं असतं.

स्प्रिंग बूट ३ आणि त्यासोबतचा ‘जावाएक्स’ ते ‘जकार्ता’ बदल शिल्लक आहे. तो सर्व्हरपुरताच आहे, तिथे ३२-बिटची अडचण नाही. मात्र स्प्रिंग बूट ३ आलं की सर्व्हरच्या भागाचा रिलीज ८ वरून १७ करावा लागेल आणि सर्व्हरची परतीची ओळ तिथे संपेल. म्हणून गल्ल्यावरचा भाग आणि सर्व्हरचा भाग पॉममध्ये आधीच वेगळे मॉड्यूल केले आहेत, प्रत्येकाचा रिलीज स्वतंत्र. हा टप्पा पुढच्या जूनसाठी ठेवला आहे.